९९ टक्क्यांचे पाच सारखे खांब

आज एका ऑनलाइन सेमिनारमध्ये पुन्हा तीच स्लाइड बघितली आणि डोकं फिरलं. कार्बनच्या सपोर्टवर (आधारावर) बसवलेले पॅलेडियमचे नॅनोकण, नायट्रोबेंझीनचं अॅनिलीन करणारे. शेजारी शेजारी पाच निळे खांब, एकेका फेरीत शेवटी किती टक्के माल बदलला (कन्व्हर्जन) ते दाखवणारे, पाचही ९९ टक्क्यांचे, आणि वर ठळक अक्षरात ‘उत्कृष्ट स्थिरता, पाच वेळा पुनर्वापर’. शेवटी एका विद्यार्थ्याने विचारलं, "सर, ही रिअॅक्शन संपते केव्हा?" वक्ते म्हणाले, "आम्ही दोन तास चालवतो." तो पुन्हा म्हणाला, "चालवता किती ते नाही सर, संपते केव्हा?" तर अध्यक्षांनी वेळ संपल्याचं सांगून पुढच्या वक्त्याला बोलावलं. दिवसभरातला सगळ्यात चांगला प्रश्न तो होता, आणि त्याला उत्तर मिळालं नाही.

माझ्या यादीत रसायनशास्त्राबाहेरची मंडळी बरीच आहेत, म्हणून थोडं मागे जाते. हायड्रोजनेशन म्हणजे एखाद्या रेणूला हायड्रोजन जोडणं. नुसता हायड्रोजन सोडून काही होत नाही. त्याचे दोन अणू एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यांना सोडवायला धातूचा पृष्ठभाग लागतो. रिअॅक्शन अशी घडवून आणणारा पदार्थ म्हणजे कॅटॅलिस्ट. साबातिए आणि सांदराँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८९७ मध्ये निकेलवर हे करून दाखवलं आणि साबातिएंना त्यासाठी १९१२ चं नोबेल मिळालं. आज औषधं, रंग, वनस्पती तूप, कितीतरी गोष्टींच्या वाटेत कुठेतरी ही पायरी असते. सगळं काम पृष्ठभागावर चालतं, आतला धातू फुकट जातो. म्हणून कण जितका लहान तितकं बरं. ३ नॅनोमीटरचा कण घेतला तर ढोबळमानाने तिसरा हिस्सा अणू बाहेरच्या बाजूला असतात. पण इतके बारीक कण सुटे राहत नाहीत, संधी मिळाली की एकमेकांत मिसळून मोठे होतात. त्यांना वेगवेगळं धरून ठेवायला सपोर्ट लागतो: कार्बन, अॅल्युमिना, सिलिका, टायटॅनिया.

आता त्या पाच खांबांकडे येऊ. समजा ताजा कॅटॅलिस्ट हे काम वीस मिनिटांत संपवतो. तुम्ही रिअॅक्टर दोन तास चालू ठेवता. म्हणजे कॅटॅलिस्टची सहापैकी पाच हिस्से ताकद गेली, तरी दोन तासांच्या शेवटी खांब तेवढाच उंच येणार! तीन तासांच्या पेपरला अठरा तास दिले तर हुशार आणि ढ दोघेही पेपर पूर्ण सोडवून बाहेर येतील, त्यावरून दोघांचा वेग सारखा ठरत नाही. कॅटॅलिस्ट टिकला की नाही हे बघायचं तर रिअॅक्शन अर्धीमुर्धी असताना बघावं लागतं. १५-२० टक्के काम झालं असताना, दर वेळी त्याच मिनिटाला. किंवा वेग थेट मोजावा लागतो. हे काही नवं ज्ञान नाही. कॅटॅलिसिसचा पहिला धडा शिकलेल्या प्रत्येकाला हे माहीत असतं, आणि माहीत असूनही ती स्लाइड येतेच. संताप त्याचाच आहे.

आमच्याकडे एक ज्युनिअर मुलगी होती. मला ताई म्हणायची, म्हणून तिच्याबद्दल लिहिताना हात जरा जड होतो. तिचा कॅटॅलिस्टही असाच, कार्बनवर पॅलेडियम, आणि रिअॅक्शनही हीच. तिने नुसत्या शेवटच्या आकड्यावर थांबायचं नाही असं ठरवलं होतं. ऑटोक्लेव्हच्या (दाबाखाली रिअॅक्शन चालवायच्या बंद भांड्याच्या) सॅम्पलिंग व्हॉल्व्हमधून सुरुवातीच्या मिनिटांना थोडं थोडं द्रावण काढायची, बारीक सिरिंज फिल्टरमधून जीसीच्या (द्रावणात काय किती आहे ते मोजणाऱ्या यंत्राच्या) बाटलीत भरायची, बाटलीवर वेळ लिहायची. बाटल्यांची रांग लागलेली असायची टेबलावर. आणि पहिल्या फेरीपासून पुढे वेग दर वेळी खाली येताना दिसत होता. शेवटचा आकडा मात्र प्रत्येक वेळी नव्व्याण्णवच.

तिने दोन्ही आलेख, आधी शेवटच्या आकड्यांचा आणि दुसरा वेगाचा, शेजारी शेजारी ठेवून समितीपुढे दाखवले. एक ज्येष्ठ सदस्य (नाव घेत नाही, घेणारही नाही) म्हणाले, "हा दुसरा आलेख काढून टाका, पेपर पडेल." खोटा आहे असं म्हणाले नाहीत. चूक आहे असंही नाही. काढून टाका! खरं मोजलं म्हणून अंगाशी येतं, हे एखाद्या मुलीला पंचविशीत शिकवायचं आणि वर संशोधनाची नैतिकता या विषयावर कार्यशाळा घ्यायच्या.

जरा थांबून पाणी पिऊन आले.

तर वेग का पडत होता, ही त्यातली खरी गंमत, आणि तो आलेख काढून टाकला असता तर ती हातातून गेली असती. एक कारण साधं. हायड्रोजन लागलेलं पॅलेडियम-कार्बन कोरडं पडलं की हवेत पेट घेऊ शकतं, म्हणून फिल्टर करताना ते सतत ओलं ठेवावं लागतं. ओली काळी पूड कागदाला चिकटते, फनेलच्या कडेला राहते, तुम्ही कितीही खरवडा. दर फेरीला थोडा माल जातोच. काही ठिकाणी ही तूट ताजा कॅटॅलिस्ट घालून भरून काढतात आणि मुख्य लेखात त्याचा उल्लेखही नसतो. पण तिने वजनाची तूट धरून हिशेब केला तरी वेग कमीच येत होता. मग टीईएम, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे फोटो, काढले. सुरुवातीला सुटे दिसणारे ठिपके वापरलेल्या नमुन्यात जागोजागी एकत्र आले होते. आणि फिल्टर केलेलं, डोळ्यांना स्वच्छ दिसणारं द्रावण आयसीपीला (विरघळलेला धातू मोजणाऱ्या यंत्राला) दिलं तर त्यात पॅलेडियम सापडलं. अमाइन धातूला धरतं, आणि इथे तर आपण अमाइनच, म्हणजे अॅनिलीन, बनवत होतो.

यात आणखी एक मेख आहे. विरघळलेला धातू द्रावण थंड झालं की सपोर्टवर परत बसू शकतो. म्हणून थंड करून फिल्टर केलं तर सगळं आलबेल दिसतं. रिअॅक्शनच्या तापमानालाच, गरम असतानाच गाळायचं आणि गाळलेल्या द्रावणात रिअॅक्शन पुढे सरकते का ते बघायचं; सरकली, तर धातू सपोर्टवरून सुटलाय. ही हॉट फिल्ट्रेशन चाचणी. कुठलंही महागडं यंत्र लागत नाही. तरी किती पेपरांत ती सापडते, तुम्हीच आठवून बघा.

पुढे तिने नायट्रोजन मिसळलेला कार्बन घेतला. कण जागेवर जास्त टिकले, वेगाची घसरण मंदावली. पूर्ण थांबली नाही, आणि थांबली असं तिने लिहिलंही नाही. मला त्या मुलीचा अभिमान वाटतो तो इथे. सपोर्टवर खरं काम करायचं असेल तर आधी कॅटॅलिस्ट मरतो हे मान्य करावं लागतं. पाच सारखे खांब दाखवल्यावर सपोर्ट सुधारायचं कारणच उरत नाही.

सपोर्ट म्हणजे नुसतं बूड, असं आजही कितीतरी जण धरून चालतात. १९७८ मध्ये टॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की टायटॅनियावरच्या प्लॅटिनम, पॅलेडियमसारख्या धातूंना ५०० अंशांवर हायड्रोजनमध्ये तापवलं की ते हायड्रोजन धरेनासेच होतात. कण मोठे झालेले नव्हते. पुढे कळलं की सपोर्टचाच पातळ थर धातूवर चढून बसतो. बूड म्हणतात ते वर चढून धातूचं तोंड बंद करतं! ही गोष्ट एम.एस्सी.च्या वर्गात सांगितली की मुलांचे डोळे मोठे होतात. तीच मुलं पुढे पीएचडीला जाऊन खांब काढायला लागतात, कारण त्यांना तेच काढायला सांगितलं जातं.

आणि कॅटॅलिस्ट तपासायची ती चार-नायट्रोफेनॉलची प्रक्रिया! बोरोहायड्राइड भरपूर घालायचं, पिवळा रंग जातो, प्रकाश शोषणाचा ४०० नॅनोमीटरचा पट्टा खाली येतो, झाला कॅटॅलिस्ट जगात भारी. शिकवायला ही प्रक्रिया सुंदर आहे, तेवढं मानते. पण खोलीच्या तापमानाला क्युव्हेटमध्ये (प्रकाश मोजायच्या छोट्या पारदर्शक भांड्यात) पिवळा रंग घालवणाऱ्या पुडीबद्दल ‘औद्योगिक वापरासाठी आश्वासक’ असं लिहिताना हात थरथरत नाहीत का?

कुणी म्हणेल, एवढं काय बिघडतं, पेपरच तर आहेत. तिथेच चुकतं. हीच सवय ऊर्जा साठवण्याच्या कामात आली आहे आणि तिथे लोक या आकड्यांवर आशा लावून बसलेत. एक किलो हायड्रोजनमध्ये साधारण ३३ युनिट वीज होईल इतकी ऊर्जा असते, पण तो साठवायचा तर ७०० बारपर्यंत दाबा नाहीतर उणे २५३ अंशांना द्रव करा. म्हणून डायबेन्झिलटोल्युइनसारख्या तेलकट द्रवात हायड्रोजन भरून ठेवायची कल्पना आली. वजनाच्या सुमारे ६.२ टक्के हायड्रोजन त्यात मावतो, साध्या टाकीत राहतो. भरताना हायड्रोजनेशन. काढताना ३०० अंशांच्या आसपास तापवून, अॅल्युमिनावरच्या प्लॅटिनमसारख्या कॅटॅलिस्टवर उलटी प्रक्रिया. अशा गरम ठिकाणी पृष्ठभागावर कार्बनचा थर चढतो, कण मोठे होतात. आणि हे भरणं-काढणं पुन्हा पुन्हा करायचं आहे, नाहीतर साठवण कसली? पाच फेऱ्यांचं तिथे काय घेऊन बसलात?

हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलमध्ये तर सपोर्टच खर्ची पडतो. सेल चालू-बंद करताना कॅथोडचं (एका इलेक्ट्रोडचं) पोटेन्शियल, म्हणजे विद्युतदाब, चढतं, प्लॅटिनमखालचा कार्बन जळून कार्बन डायऑक्साइड होतो, वरचे कण सुटतात. सुपरकपॅसिटरवाले (वीज झटपट साठवणाऱ्या उपकरणांवर काम करणारे) इलेक्ट्रोडवर पातळ थर लावून दर ग्रॅममागे किती साठलं तो आकडा सांगतात. हा आकडा किती फसवा असतो हे गोगोत्सी आणि सिमॉन या संशोधकांनी २०११ मध्येच ‘सायन्स’ या जर्नलमध्ये लिहिलं होतं, तरी तो अजून मिरवला जातोच.

बरं, दुसरी बाजू. दाबाखाली सॅम्पल काढायची सोय प्रत्येक प्रयोगशाळेत नसते, फेलोशिप संपत आलेली असते, टीईएमसाठी रांगेत थांबावं लागतं. मान्य. पण वीस मिनिटांनी रिअॅक्टर थांबवायला फेलोशिप लागत नाही.

मी रागाने लिहायला बसले होते खरं, पण आता ती मुलगी आठवली की राग जरा निवतो. दुसरा आलेख तिने प्रबंधात ठेवला. पेपर उशिरा आला, साध्या जर्नलमध्ये आला. आता ती एका प्लांटवर काम करते. तिथे कन्व्हर्जनचा खांब कुणी मागत नाही. किती तास टिकला, एका ग्रॅम धातूवर किती किलो माल निघाला आणि मेल्यावर पुन्हा जिवंत करता येतो का, एवढंच विचारतात. मागे फोनवर म्हणाली, "ताई, इथे तो दुसरा आलेखच आधी बघतात." आवाजात इतकी मोकळीक होती की मला काही बोलताच आलं नाही.

म्हणून ज्यांच्याकडे पेपर रिव्ह्यूला येतात त्या सगळ्यांना हात जोडून विनंती. पुनर्वापराचे खांब दिसले की लेखकांना विचारा, कमी कन्व्हर्जनवरचे आकडे कुठे आहेत? गरम असताना गाळलं का? वापरलेल्या कॅटॅलिस्टचे फोटो कुठे आहेत? मधे ताजा माल घातला का? उत्तर आलं नाही तर पेपर परत पाठवा. मी पाठवते. लेखक कळवतात की प्रयोग पुन्हा करायला वेळ नाही, आणि मी दर वेळी त्यांना हेच लिहिते की सुरुवातीच्या मिनिटांचे चार सॅम्पल जीसीवर एका दुपारी होतात.