अंडी चालू आहेत म्हणजे कोंबडी सुखात आहे?

अंड्यांच्या कोंबड्यांना पिंजऱ्यात जागा अपुरी पडते, असं मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर 'पोल्ट्रीवाला' या नावाने लिहिणाऱ्या दादांनी चांगलंच सुनावलंय: "चार पक्ष्यांच्या पिंजऱ्यात माझं उत्पादन ९० टक्के आहे. जीव हैराण असता तर अंडं दिलं असतं का? मोकळे सोडले की एकमेकींना टोचून मारतात. युरोपचे आकडे इथे आणू नका."

दादा, टोचण्याचं तुमचं खरं आहे, त्यावर पुढे येतो. ९० टक्क्यांचा पुरावा मात्र पटत नाही. ९० टक्के म्हणजे दिवसाला शंभर पक्ष्यांमागे ९० अंडी, आणि ही टक्केवारी त्या दिवशी जिवंत असलेल्या पक्ष्यांवर काढलेली असते. शेडमध्ये सुरुवातीला टाकलेल्या पक्ष्यांवर काढून बघा, मरतुक लगेच हिशेबात येते. शिवाय अंडं कोंबडीच्या मर्जीवर नसतं. सोळा तास उजेड, पोटभर खाद्य आणि पिढ्यानपिढ्या अंड्यांसाठीच निवडलेलं वाण, एवढ्यावर ते येत राहतं. कवचाला कॅल्शियम कमी पडलं तर ती स्वतःच्या हाडांतून काढते. त्यात पिंजऱ्यात हालचाल नाही, म्हणजे हाडं आणखी ठिसूळ. ब्रिटनमध्ये ग्रेगरी आणि विल्किन्स या संशोधकांनी १९८९ साली पिंजऱ्यातल्या, उत्पादन संपलेल्या कोंबड्या तपासल्या. बाहेर ओढणं, गाडीतला प्रवास आणि कत्तलखान्यात उलटं टांगणं, एवढ्यात २९ टक्के पक्ष्यांचं एखादं तरी हाड मोडलेलं होतं. याच कोंबड्यांनी तोवर अंडी दिली होती.

आता जागा. आपल्याकडे सर्रास दिसणारा पिंजरा १८ इंच रुंद, १५ इंच खोल, आत चौघी. म्हणजे प्रत्येकी साधारण ४३५ चौ. सेंमी. ऑक्सफर्डच्या मॅरियन डॉकिन्स आणि हार्डी यांनी १९८९ मध्ये मोजलं, तर नुसतं उभं राहायला सरासरी ४७५, वळायला १२७२ आणि पंख फडफडवायला १८७६ चौ. सेंमी. लागले. त्या कोंबड्या तपकिरी, अंगाने भरलेल्या होत्या; तुमच्या पांढऱ्या लेगहॉर्न वाणाला कमी लागेल, मान्य. एक वळते तेव्हा बाकीच्या अंग चोरतात, हेही मान्य. पण चौघींनाही खायचं असतं एकदमच. १८ इंचांत एकीच्या वाट्याला खाद्याची कड, म्हणजे खाद्याच्या भांड्यापाशी उभं राहायची जागा, येते जेमतेम साडेअकरा सेंमी. दबून राहणारी मागेच थांबते. आणि मे महिन्यात धापा टाकताना पंख अंगापासून सोडवायलाही जागा लागते, ते तुम्हाला मी सांगायला नको.

'सवय होते त्यांना' असंही कोणी म्हणेल. संशोधक क्रिस्टीन निकोल यांनी १९८७ मध्ये अडचणीच्या जागेत ठेवलेल्या कोंबड्यांना मोठी जागा दिली, तेव्हा त्यांनी पंख ताणणं, फडफडवणं नेहमीपेक्षा जास्त केलं. याला सवय म्हणवत नाही.

युरोपात साधे पिंजरे २०१२ पासून बंद झाले आणि सुधारित पिंजऱ्यात कोंबडीमागे ७५० चौ. सेंमी. लागतात, हे मी माहिती म्हणून लिहिलं होतं. उद्या इथे लागू करा, असं म्हटलं नव्हतं. पण विषय परका नाही. आपल्या विधी आयोगाचा २०१७ चा २६९ वा अहवाल कोंबड्यांची वाहतूक आणि त्यांना ठेवण्याची पद्धत यावरच आहे.

टोचण्याबद्दल. मोठ्या मोकळ्या कळपात ही खोड पसरते, आणि पिंजऱ्यात नुकसान चौघींपुरतं राहतं, हा पिंजऱ्याचा खरा फायदा आहे. मात्र मोकळं सोडणं हे त्याचं एकमेव कारण नव्हे. उकरायला तूस-माती नसली की तीच चोच शेजारणीच्या पिसांकडे वळते. कळप किती मोठा आणि उजेड किती तीव्र, यावरही बरंच ठरतं.

पिंजरे मोडा असं माझं म्हणणं नाही. पिंजऱ्यांच्या एका ओळीत दर पिंजऱ्यात चारऐवजी तीन पक्षी ठेवा, शेजारच्या ओळीत चारच राहू द्या. जागा प्रत्येकी ५८० चौ. सेंमी. होईल, खाद्याची कड १५ सेंमी. पिंजऱ्यामागे अंडी घटतील, ते उघडच आहे. चौथी कोंबडी टाकतात ती त्यासाठीच. ती टाकल्यावर प्रत्येकीची अंडी थोडी घटतात, मरतुक वाढते, तरी पिंजऱ्याची बेरीज वाढते. म्हणूनच ही बेरीज कोंबडीच्या सुखाचा पुरावा होऊ शकत नाही. पक्षी ७२ आठवड्यांचे झाले की दोन्ही ओळींची मरतुक, पिसं आणि टाकलेल्या पक्ष्यांवरची टक्केवारी इथे लिहा. आकडे माझ्या विरुद्ध गेले तरी छापीन.