मेटफॉर्मिन सोडून बर्बेरिन? आधी तो अभ्यास पूर्ण वाचा

'मधुमेहाची गोळी फेका, निसर्गाकडे या' असा एक लांबलचक संदेश फोनाफोनी फिरतो आहे. त्यातले दावे असे: मेटफॉर्मिनने किडनी निकामी होते, हळदीतलं बर्बेरिन तेच काम करतं आणि हे अभ्यासात सिद्ध झालंय, ते वनस्पतीतलं असल्यामुळे दुष्परिणाम शून्य, रोज दोन चमचे दालचिनीने साखर उतरते, आणि मेटफॉर्मिनही मुळात वनस्पतीपासूनच आलं, मग वनस्पतीच का घेऊ नये. वर्षानुवर्षं नियमाने गोळी घेणारं घरातलं माणूस हे वाचून डबी बाजूला ठेवून देतं, तेव्हा गप्प बसणं शक्य नसतं.

सगळ्यात घातक दावा बर्बेरिनचा, म्हणून आधी तोच. हळदीत बर्बेरिन नसतंच. ते दारुहळदीत असतं. दोघींचं साम्य नाव आणि पिवळा रंग, एवढंच. दारुहळद हे काटेरी झुडूप, तर हळद आल्याच्या कुळातली. हळदीत असतं ते कर्क्युमिन, तेही वजनाच्या साधारण 3 टक्के, आणि त्यातलं फारच थोडं रक्तात उतरतं. हळद कितीही वाढवली तरी बर्बेरिनचा कणही पोटात जाणार नाही.

आता 'सिद्ध झालंय' हा भाग. संदेशात हवाला आहे तो 2008 साली 'मेटाबॉलिझम' या नियतकालिकात आलेल्या चिनी अभ्यासाचा. नव्याने निदान झालेले 36 जण, काहींना बर्बेरिन, काहींना मेटफॉर्मिन, दोन्ही 500 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, 3 महिने. बर्बेरिन घेणाऱ्यांचं सरासरी एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) 9.5 वरून 7.5 वर आलं, म्हणजे जवळपास मेटफॉर्मिनइतकाच परिणाम. हे मान्य करायलाच हवं: बर्बेरिन साखर उतरवतं. पण संदेश इथे थांबतो, अभ्यास थांबत नाही. त्याच लेखाच्या दुसऱ्या भागात साखर आटोक्यात नसलेले 48 रुग्ण होते. त्यांना बर्बेरिन दिलं ते आधीचे उपचार चालू ठेवून, वरची भर म्हणून. गोळ्या सोडायला सांगणारा संदेश ज्या अभ्यासाच्या जोरावर उभा आहे, त्या अभ्यासाने हे केलंच नव्हतं! शिवाय 34.5 टक्के लोकांना जुलाब, बद्धकोष्ठता, गॅस किंवा पोटदुखी झाली. 'दुष्परिणाम शून्य' हा दावाही तिथेच संपतो.

आणि 3 महिन्यांत साखरेचा आकडा कळतो. हृदयविकार टळतो का, आयुष्य वाढतं का, हे कळत नाही. मेटफॉर्मिनच्या बाबतीत ते ठाऊक आहे. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासात वजन जास्त असलेल्या रुग्णांना दहा वर्षांहून अधिक काळ पाहिलं गेलं. फक्त आहारावर भर दिलेल्या गटाच्या तुलनेत मेटफॉर्मिन गटात मृत्यू 36 टक्क्यांनी कमी होते. बर्बेरिनजवळ या तोडीचं काही नाही.

बर्बेरिनची खरी भीती पोटदुखीची नाही, इतर गोळ्यांशी होणाऱ्या टकरीची आहे. यकृतात औषधं मोडणारी 3ए4, 2डी6 आणि 2सी9 ही विकरं ते मंदावतं. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या अनेक स्टॅटिन गोळ्या 3ए4 वाटे मोडतात; त्या रक्तात साचल्या तर स्नायू दुखू लागतात. मधुमेहाची ग्लिमेपिराइड आणि रक्त पातळ करणारी वॉर्फरिन या गोळ्या 2सी9 वाटे मोडतात. पहिली साचली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते, दुसरी साचली तर रक्तस्राव होऊ शकतो. किडनी प्रत्यारोपणानंतर घेतल्या जाणाऱ्या सायक्लोस्पोरिनची रक्तातली पातळी बर्बेरिनने वाढते, हे रुग्णांमध्ये मोजलेलं आहे. गर्भारपणात आणि अंगावर पाजताना तर ते घ्यायचंच नाही: ते बिलिरुबिनला (काविळीतलं पिवळं द्रव्य) अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनापासून सुटं करतं आणि नवजात बाळाच्या मेंदूला इजा होण्याचा धोका असतो.

किडनीचा दावा उलटा मांडलाय. मेटफॉर्मिन किडनी बिघडवत नाही. ते किडनीवाटे जसंच्या तसं बाहेर पडतं. म्हणून किडनी आधीच अशक्त असेल तर ते अंगात साचू शकतं. ईजीएफआर (किडनीची गाळण्याची क्षमता सांगणारा आकडा) 30 च्या खाली गेलं की डॉक्टर ते बंद करतात, 30 ते 45 मध्ये नव्याने सुरू करत नाहीत. त्याचा एक खरा तोटा मात्र संदेशात नाहीच: अनेक वर्षं घेतल्यावर व्हिटॅमिन बी12 कमी होऊ शकतं. पायांना मुंग्या येत असतील किंवा रक्त कमी झालं असेल तर बी12 तपासून घ्या.

दालचिनीबद्दल थोडक्यात. 2012 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा अभ्यास) 10 चाचण्या आणि 577 लोक होते. एचबीएवनसीत दखल घेण्याजोगा फरक नव्हता. उलट जाड सालीच्या कॅशिया दालचिनीत ग्रॅममागे साधारण 3 मिलिग्रॅम कुमारिन नावाचं रसायन असतं, आणि ते काहींच्या यकृताला बाधतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेची रोजची मर्यादा शरीराच्या वजनाच्या किलोमागे 0.1 मिलिग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 6. दोन चहाचे चमचे, साधारण 5 ग्रॅम, पोटात गेले की 15 मिलिग्रॅम झालं. सिलोन दालचिनीत कुमारिन नाममात्र असतं. तिची कांडी पातळ पापुद्र्यांची, सहज चुरडणारी. कॅशियाची एकाच जाड थराची, टणक. पूड झाल्यावर डोळ्यांनी फरक कळत नाही.

'मूळ वनस्पतीच घ्या' म्हणणाऱ्यांनी तिचं नाव तरी सांगावं. ती गॅलेगा ऑफिसिनॅलिस. तिच्यातलं गॅलेजिन 1920 च्या दशकात रुग्णांना देऊन पाहिलं आणि विषारी ठरल्यामुळे सोडून दिलं. मेटफॉर्मिन हे त्याच्याशी नातं सांगणारं, पण प्रयोगशाळेत घडवलेलं वेगळं रसायन आहे.

वनस्पतींमधलं जे खात्रीने उपयोगी पडतं त्याचा संदेशात उल्लेखही नाही: विरघळणारा तंतू. ओट्समधलं बीटा-ग्लुकन रोज 3 ग्रॅम, म्हणजे साधारण 75 ग्रॅम कोरडे ओट्स, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल उतरवतं. आतड्यात त्याचा चिकट थर होतो आणि जेवणानंतरची साखर सावकाश चढते. हे गोळीसोबत करायचं, गोळीऐवजी नाही.

कुणी गोळी सोडलीच असेल तर एचबीएवनसीची वाट पाहू नका. ते साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, त्यामुळे दोन आठवड्यांनी केलेला रिपोर्ट खोटा धीर देतो. आजच उपाशीपोटीची साखर तपासा. बर्बेरिनची बाटली आणि चालू गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. बरेच दिवस खंड पडला असेल तर मेटफॉर्मिनचा जुना मोठा डोस स्वतःहून एकदम सुरू करू नका, पोट बिघडतं; सहसा जेवणासोबत 500 मिलिग्रॅमपासून सुरुवात करून डोस हळूहळू चढवतात.