परशुरामपंत तात्यांची बाजू

सर, नमस्कार.

परशुरामपंत तात्या गोडबोले यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत, त्याचा गोषवारा आधी देतो, म्हणजे नंतर येणाऱ्यांनाही विषय कळेल. तुमचं म्हणणं असं, की दुसऱ्यांच्या कवितांचे वेचे जमवणाऱ्या माणसावर एवढं लिहायचं कारण काय? त्यातून त्यांच्या ‘नवनीत’ या जुन्या मराठी कवितांच्या संग्रहाने पंडिती काव्य (वामनपंडित, मोरोपंतांचं संस्कृत वळणाचं) शाळकरी पोरांच्या माथी मारलं आणि कवितेची गोडी लावण्याऐवजी घालवली. नवी मराठी कविता आली ती ‘गोल्डन ट्रेझरी’ हा इंग्रजी कवितांचा संग्रह वाचणाऱ्यांमुळे, ‘नवनीत’ घोकणाऱ्यांमुळे नव्हे. उभी हयात मराठी शिकवलेल्या माणसाचं हे मत आहे. ‘धन्यवाद, वाचत राहा’ म्हणून त्याला वाटेला लावणं बरं दिसत नाही.

‘वेचे जमवणं’ हा शब्दप्रयोग तुम्ही जरा हिणवूनच केलाय. 1854 साली ‘नवनीत’ निघालं तेव्हा जमवायला छापील असं होतं तरी किती? ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापून आली 1845 मध्ये. तुकारामाच्या गाथेची पाठभेद तपासून केलेली सरकारी प्रत निघाली 1869 ते 1873 या काळात, तीही सरकारने 24,000 रुपये मोजल्यावर. म्हणजे तात्या अभंग निवडत होते तेव्हा हाताशी असलेली बाडं आणि पोथ्या एवढाच आधार.

आणि पोथीतून कविता उचलणं म्हणजे काय, हे एकदा पोथी समोर ठेवून बघा. लांबट सुटी पानं, बोरूची अक्षरं एकमेकांना खेटून. शब्द तोडलेले नाहीत, चरण नव्या ओळीवर घेतलेला नाही. कडवं संपलं हे दंडावरून आणि आकड्यावरून ओळखायचं. लेखनिकाने ऱ्हस्व-दीर्घ स्वतःच्या मर्जीने लिहिलेलं. मोरोपंतांची जिला आपण सरसकट आर्या म्हणतो ती बहुतेक वेळा गीती असते, म्हणजे 12 आणि 18 मात्रांचे चरण. त्यात एका ‘ि’चा ‘ी’ झाला की मात्रा एकोणीस भरतात आणि म्हणताना जीभ अडखळते. ही चूक लेखनिकाची, की मधेच शब्द गळालाय, की कवीनेच तशी सूट घेतलीय? हे ठरवायला वृत्त कानात मुरलेलं असावं लागतं. तात्यांनी वृत्तांवर ‘वृत्तदर्पण’ लिहिलं ते उगाच नाही. आज छापील पानावर चार ओळी नीट एकाखाली एक दिसतात म्हणून आपल्याला वाटतं, त्या तशाच आल्या.

आता निवडीबद्दल. पंडिती काव्याकडे तात्यांचा कल होता, हे मान्यच. त्यांनी मोरोपंतांच्या केकावलीवर ‘केकादर्श’ लिहिलं, लोक त्यांना अव्वल इंग्रजीतले, म्हणजे इंग्रजी राजवटीच्या आरंभीचे, मोरोपंत म्हणत. अशा माणसाच्या संग्रहात मोरोपंतांना झुकतं माप मिळणार, हे सांगायला ज्योतिषी नको. या अभिरुचीत बहुजनांचं जगणं कुठे आहे, हा सवालही रास्तच आहे. जोतीराव फुल्यांनी 1885 मध्ये पुण्याच्या ग्रंथकार सभेला पत्र पाठवून ‘घालमोड्या दादां’च्या, म्हणजे उच्चवर्णीय लेखकांच्या, त्या मेळ्याला यायचं नाकारलं. ते पत्र ‘नवनीत’बद्दल नव्हतं, पण त्यातला आक्षेप ‘नवनीत’लाही लागू पडतो. तिथे मी तात्यांचं वकीलपत्र घेणार नाही.

पण माणूस कुठून आला हेही बघायला हवं. जन्म 1799, वाईचा. पेशवाई बुडाली तेव्हा तात्या एकोणीस वर्षांचे. कान तयार झाला तो जुन्या राज्यात, आणि नोकरी केली नव्या सरकारची, पुण्यात मराठी कोशकार असलेल्या मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली. वेणीसंहार, उत्तररामचरित, शाकुंतल, मृच्छकटिक ही नाटकं त्यांनी मराठीत आणली. किर्लोस्करांचं शाकुंतल रंगभूमीवर आलं 1880 मध्ये, तात्या गेल्यावर सहा वर्षांनी. (आपल्याकडे नाटकाच्या गप्पा किर्लोस्करांपासून सुरू होतात, त्यामुळे ही भाषांतरं कुणाच्या खिजगणतीत नसतात. असो.)

‘गोल्डन ट्रेझरी’ पाल्ग्रेव्हने काढली 1861 मध्ये, ‘नवनीत’नंतर सात वर्षांनी. गंमत म्हणजे तोही तात्यांसारखाच शिक्षणखात्यातला नोकरदार. हयात कवी घ्यायचेच नाहीत असं त्याने ठरवलं. निवड करताना टेनिसनचा सल्ला घेतला. पहिल्या आवृत्तीत जॉन डनची एक कविता नाही, ब्लेकची एक नाही! इंग्रजी साहित्य शिकवणारा कुणीही आज या दोन नावांशिवाय वर्गात उभा राहणार नाही. तरी पाल्ग्रेव्हने विद्यार्थ्यांची गोडी घालवली, असं तुम्ही म्हणत नाही. तो त्याच्या आवडीने निवडतो तेव्हा ती अभिरुची, आणि तात्या निवडतात तेव्हा ते माथी मारणं, हा न्याय मला पटत नाही.

नवी मराठी कविता आणणाऱ्या केशवसुतांच्या पिढीवर ‘गोल्डन ट्रेझरी’चा ठसा होता, यात वादच नाही. पण त्या ठशाने काय झालं ते बारकाईने बघा. इंग्रजी सॉनेट मराठीत आलं, चौदा ओळी आल्या, शेवटची कलाटणी आली. आणि वृत्त? बराच काळ शार्दूलविक्रीडित. ते काही पाल्ग्रेव्हच्या पुस्तकातून आलेलं नाही. वामनपंडित आणि मोरोपंत शाळेत मोठ्याने म्हणत वाढलेल्या पोरांच्या अंगात ते भिनलेलं होतं, म्हणूनच परक्या आकाराला बसायला जागा मिळाली. ती दोन पुस्तकं एकाच दप्तरात होती. तुम्ही त्यांची कुस्ती लावताय.

राहता राहिला मूळ प्रश्न, जमवणाऱ्याचं कौतुक कशाला. केशवसुत 1905 मध्ये गेले. त्यांच्या हयातीत त्यांच्या कवितांचं पुस्तक निघालं नाही, कविता निरनिराळ्या नियतकालिकांत विखुरलेल्या. पुस्तक निघालं 1917 मध्ये, हरिभाऊ आपट्यांनी काढलं म्हणून. हरिभाऊ म्हटलं की आपण कादंबरीकार म्हणतो, ‘करमणूक’चे संपादक म्हणून फार तर एक ओळ लिहितो, आणि या कामाचा उल्लेख राहूनच जातो. तुम्ही ज्या कवितेच्या बाजूने तात्यांशी भांडताय, तीसुद्धा कुणीतरी कात्रणं गोळा करून बसला म्हणून पुस्तकरूपाने आपल्यापर्यंत आली.

जाता जाता: तुमच्या प्रतिक्रियेचा शेवट ‘सुसंगति सदा घडो’ने झालाय. ती ओळ केकावलीतली आहे, सर. मोरोपंत.

आणि तुम्ही विचारलंत म्हणून, ‘नवनीत’च्या पुढच्या आवृत्त्या अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत अधूनमधून दिसतात. मात्र घेण्याआधी पानं मोजून घ्या, मधला एखादा फॉर्मा, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा, बऱ्याचदा गायब असतो.