नाताळच्या पार्टीत पाहुण्यांना खेळवून खेळवून कसं दमवावं

25 डिसेंबरला तुमच्याकडे सगळं खानदान जमणार असेल आणि ही माणसं नुसतीच बसून गप्पा मारतील, पोटभर जेवतील आणि खुशीत घरी जातील अशी भीती तुम्हाला वाटत असेल, तर अजिबात घाबरू नका. यावर ग्रुप गेम्स नावाचा जालीम इलाज आहे. परवाच आमच्या वसईच्या घरी मी तो सव्वातीन तास सलग घेतलाय, त्यामुळे अनुभवाचे बोल समजा.

सगळ्यात आधी एक जावई निवडा. ऑफिसात टीम बिल्डिंग करून आलेला मिळाला तर सोन्याहून पिवळं. त्याच्या हातात ब्लूटूथवाला माईक द्या. घरात माणसं 45, अंगणात नुसती हाक मारली तरी विहिरीपलीकडच्या घरातलं कुत्रं भुंकतं, पण माईक पाहिजेच. "हॅलो हॅलो, एव्हरीबडी, एनर्जी कुठाय?"

एनर्जी कुठाय ते मी सांगतो. रात्री चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थना, मग गावातले येशूजन्माच्या देखाव्याचे गोठे बघत फिरणं, पहाटे अडीचला अंथरूण, सकाळी उठून शेजारीपाजारी नेवऱ्या-कलकलच्या फराळाची ताटं पोचवणं, त्यात पाहुण्यांची ये-जा. अशी अर्धवट झोपेतली माणसं दुपारी बरोब्बर एक वाजता, मांसाच्या मसालेदार इंद्यालचा वास घरभर सुटलेला असताना, खुर्च्या गोल लावून बसवायची आणि म्हणायचं "एक छोटासा राऊंड झाला की लगेच जेवण". छोटासा हा शब्द विसरू नका.

पेपर डान्स जरूर ठेवा. नवरा-बायकोने पेपरवर उभं राहून नाचायचं, मग पेपर अर्धा, मग पाव, आणि शेवटी बायकोला उचलून घ्यायचं. काकांचे दोन्ही गुडघे मे महिन्यात बदललेत ही बाब अशा वेळी गौण असते.

पासिंग द पार्सलमध्ये गाणं नेहमी नव्या सुनेच्या हातात पार्सल असतानाच थांबवा. चिठ्ठीत कोंबडीचा आवाज.

सिक्रेट सांता, म्हणजे चिठ्ठीत नाव येईल त्याला गुपचूप भेट, लिमिट 300 रुपये. मला कॉफीचा मग मिळाला. घरात आता नऊ झाले, आणि कॉफी कुणी पीत नाही.

आता हाउजी, म्हणजे तांबोला. खरं म्हणजे हाउजीबद्दल माझी काही तक्रार नव्हती, आमच्याकडे ती मी लहान असल्यापासून चालते, आजोबा कापडी पिशवीतून लाकडी सोंगटी काढायचे, आकडा मराठीत दोनदा सांगायचे आणि आजीने दाणा ठेवला की नाही ते बघून मगच पुढची सोंगटी. पण ते जुनं झालं. तुम्ही मोबाईलवर ॲप घ्या, तो टीव्हीला जोडा, आणि आकडे फक्त इंग्रजीत, तेही सुसाट. 22 आला की "टू लिटल डक्स", 88 आला की "टू फॅट लेडीज" म्हणत मोठ्या आत्याकडे बघून हसा, आत्या पण हसेल बिचारी, काय करेल. आजी 86 वर्षांची आहे. तिच्यासमोर तिकीट, त्यावर 15 आकडे, बाजूला वाटीत तुरीचे दाणे, आणि तिचा दुभाषी मी. "फोर टू, फोर्टी टू" आलं, मी कानात "बेचाळीस" म्हटलं, तिने चष्मा सरळ केला, दाणा उचलला, ठेवला, आणि "झाली गं माझी मधली लाइन" म्हणेपर्यंत पुढचा आकडा स्क्रीनवर. झालं. "सॉरी आजी, नेक्स्ट नंबर आला, क्लेम बाद. रूल म्हणजे रूल." रूल? कुठला रूल? वीस रुपयाच्या तिकिटाची घरातली हाउजी, शंभराचं बक्षीस, लॉटरी आहे का ही सरकारी? त्याच राऊंडला भाचीची बोगी झाली, म्हणजे क्लेम चुकीचा निघाला, तर तिला "चलता है, बच्ची आहे" म्हणून तिकीट परत, आणि आजीला रूल! आजी काही बोलली नाही, वाटीतले दाणे नीट करत बसली. त्यानंतर अजून दोन राऊंड झाले. दोन! सव्वाचारला पहिलं ताट वाढलं, तोवर भाकऱ्या वातड, दोन पोरं रडून झोपलेली आणि काकू स्वयंपाकघरात तिसऱ्यांदा इंद्याल गरम करत होती, तिला तर कुणी खेळायला पण बोलावलं नव्हतं.

मला आता उपरोध वगैरे जमत नाहीये, सरळच बोलतो. चुलतभाऊ सहा वर्षांनी कॅनडाहून आला होता. माझ्या समोरच्या खुर्चीत बसला होता. सव्वातीन तासांत त्याच्याशी मी एकच वाक्य बोललो, "एकोणसत्तर येऊन गेला का रे?" तो म्हणाला, गेला. 27 ला परतसुद्धा गेला. आजीला त्याला जवळ बसवून विचारायचं होतं की तिथे बर्फात माणसं चर्चला कशी जातात, ते पण राहिलं.

जावईबापू, तुम्ही हे वाचणार मला माहितीये, वाचाच. मनाने तुम्ही वाईट नाही. पोरांना खेळवायचंय ना, न्या त्यांना अंगणात, लिंबू-चमचा घ्या, पोती घ्या, धावू द्या. पण माणसं शांत बसली म्हणजे बोअर झाली हे तुम्हाला कुणी सांगितलं? बसू द्या की जरा! जेवण दीडला म्हणजे दीडला वाढा, तो माईक तुमच्या ऑफिसात ठेवून या, आणि आजीचे शंभर रुपये अजून बाकी आहेत, ते या रविवारी मिस्सा झाली की घरी आणून द्या.