फटी बुजवल्या म्हणूनच भिंत कुजली: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

लॉग साइडिंगवरच्या, म्हणजे भिंतीला बाहेरून लावायच्या ओंडक्यासारख्या दिसणाऱ्या फळ्यांवरच्या, माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. आधी फक्त राग जाणवला, मग त्यामागची हळहळ दिसली. चार वर्षांपूर्वी तुम्ही घराला बाहेरून पाइनच्या अर्धगोल फळ्या लावल्यात, एकूण एक सांधा सिलिकॉनने भरलात, वर वॉर्निशचे तीन हात दिलेत. आज खालच्या फळ्यांत बोट जातं आणि मधल्या काही फळ्या लांबीत चिरल्या आहेत. आणि मी मात्र लिहिते, की फळ्यांमागे पोकळी ठेवा, आडवे सांधे बुजवू नका. एवढं बंद करूनही पाणी शिरलं, मग उघडं ठेवून काय होईल, असं तुम्ही विचारता. हा सल्ला बेजबाबदार आहे, आणि ओंडक्याच्या घराचं सोंग आणणाऱ्या या फळ्या कुणी घेऊच नयेत, असंही म्हणता.

तुमचं नुकसान खरं आहे, पण त्याचं कारण तुम्ही मानता ते नाही. भिंत कुजली ती सांधे बंद केल्यामुळे.

वाऱ्याबरोबर येणारा पाऊस लाकडी भिंतीत थोडा तरी शिरतोच: खिडकीच्या कडेने, गाठीजवळच्या चिरेतून, एका फळीच्या कडेची जीभ दुसरीच्या खाचेत जिथे बसते तिथून. केसाएवढी फट असेल तर पाणी तिच्यात वरही चढतं. त्यातच फळी दर ऋतूत फुगते आणि आकसते, आणि सिलिकॉन कुठेतरी एका कडेने सुटतं. ती सुटलेली कड डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला मात्र सापडते. आत गेलेलं पाणी खाली उतरून बाहेर पडायला पाहतं, तर बाकीचा सांधा अजून घट्ट चिकटलेला. तुमच्या फळ्या थेट भिंतीवर ठोकलेल्या, म्हणजे त्यांच्या पाठीला वाराही नाही. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. तुमच्या खालच्या फळ्यांना तिथवर उतरायला सवडच मिळाली नाही. एका पावसाचं पाणी वाळायच्या आत पुढचा पाऊस.

म्हणून फळ्यांमागची पोकळी. भिंतीवर आधी पाणीरोधक कापड, त्यावर आतल्या चौकटीच्या उभ्या वाशांच्या रेषेत 10 ते 20 मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या, आणि फळ्या त्या पट्ट्यांवर. शिरलेलं पाणी कापडावरून सरळ खाली ओघळतं, आणि खालून वर वाहणारी हवा फळीची पाठ वाळवते. पट्ट्या उभ्याच हव्यात. आडव्या लावल्या की प्रत्येक पट्टी छोटा बांध होते. हे मी पाहिलं आहे. पोकळीत किडे राहतील ही तुमची शंका रास्त आहे. त्यासाठी पोकळीच्या खालच्या आणि वरच्या तोंडाला बारीक जाळी लावायची. तोंडं मात्र बंद करायची नाहीत.

हा धडा एका शहराने फार मोठी किंमत मोजून घेतला आहे. कॅनडातल्या व्हँकुव्हर परिसरात 1980 आणि 1990 च्या दशकांत बांधलेल्या शेकडो इमारती आतून कुजल्या. त्यांतल्या बऱ्याच भिंती बाहेरून गिलाव्याने बंद केलेल्या होत्या, पाणी आत येणारच नाही या भरवशावर. तिथल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचे माजी प्रीमियर (आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखं पद) डेव्ह बॅरेट यांच्या आयोगाने 1998 मध्ये त्याची चौकशी केली, आणि तिथल्या बांधकामात भिंतीच्या बाहेरच्या आवरणामागची पोकळी रूढ झाली. तिथे गिलावा होता, तुमच्याकडे सिलिकॉन आहे. पाणी अडकलं ते तसंच.

याचा अर्थ सीलंट, म्हणजे सिलिकॉनसारखं फटी भरायचं द्रव्य, कुठेच नको असा नाही. फळीचं टोक खिडकीच्या चौकटीला किंवा कोपऱ्याच्या खांबाला भिडतं, त्या उभ्या सांध्यात ते हवंच. तिथे आधी फोमची दोरी दाबायची आणि तिच्यावर सीलंट भरायचं, म्हणजे ते दोनच बाजूंना चिकटतं आणि ताणलं जाऊ शकतं. तिन्ही बाजूंना चिकटलेलं सीलंट फाटतं.

आता माझी चूक. भट्टीत वाळवलेल्या फळ्या आल्या त्याच दिवशी ठोकायला हरकत नाही, असं मी लेखात लिहिलं होतं. तुमच्या फळ्या आकसून जिभा उघड्या पडल्या, हे तुम्ही त्यावरचं उत्तर म्हणून दाखवलंत, आणि ते बिनतोड आहे. भट्टीतून निघालेली फळी 19 टक्के ओलाव्याचीही असू शकते. तीच पुढे भिंतीवर 11 टक्क्यांपर्यंत उतरली, तर 200 मिलिमीटर रुंदीची पाइनची फळी 3 ते 4 मिलिमीटर आकसते. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही, सगळा फरक रुंदीत. म्हणून फळ्या आल्यावर त्यांची चळत करायची, दर थरामध्ये आडव्या पट्ट्या ठेवायच्या, वरून झाकायचं, बाजू उघड्या सोडायच्या, आणि किमान आठवडाभर तिथल्या हवेत राहू द्यायच्या. ओलावा मोजायचं यंत्र मिळालं तर मोजूनच ठोका. लेखातलं ते वाक्य मी आज बदललं. ते वाचून आणखी कुणी घाईने फळ्या ठोकल्या असतील, तर त्यांची मी मनापासून माफी मागते.

लांबीत गेलेल्या चिराही याच हालचालीतून येतात. तुम्ही लिहिलंत की सुताराने प्रत्येक फळी वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही कडांना ठोकली, हलू नये म्हणून. पण फळी आकसणारच. दोन्ही कडा धरून ठेवल्या तर ती मध्ये फाटते. एका वाशावर एका फळीला एकच खिळा हवा, आणि तो खालच्या फळीच्या जिभेतून जाता कामा नये. खिळा गरम जस्तात बुडवलेला किंवा स्टेनलेस स्टीलचा घ्या. साध्या लोखंडाने, विशेषतः सीडरच्या लाकडावर, काळे ओघळ उमटतात आणि पुढे जात नाहीत. जीभ नेहमी वर, खाच खाली. उलटी लावली तर प्रत्येक खाच म्हणजे पन्हळ.

लाकडाच्या जातीबद्दल एवढंच सांगते, की पाइनला दोष देऊन सीडरकडे धावण्याआधी फळीचा रंग पाहा. टिकतो तो गाभा. सालीलगतचं पांढरट लाकूड सीडरचं असलं तरी कुजतं.

वॉर्निशने तुमचं आणखी नुकसान केलं. पारदर्शक थरातून ऊन आरपार जातं, खालच्या लाकडाचा पृष्ठभाग झिजवतं, आणि थर पापुद्र्यासारखा सुटतो. मग त्या पापुद्र्याखाली पाणी बसून राहतं. बाहेरच्या लाकडाला आत मुरणारा, रंगद्रव्य असलेला तेली स्टेन चांगला. तो सोलत नाही, फिका होतो. 3 ते 5 वर्षांनी पुन्हा हात द्यावा लागतो, उन्हाच्या भिंतीला त्याआधीच. फळीची पाठ आणि कापलेली दोन्ही टोकं ठोकण्याआधीच रंगवायची. टोकांतून लाकूड सर्वांत वेगाने पाणी पितं, आणि साइटवर घाईत नेमकी तीच राहून जातात.

सोंगाबद्दल. अख्ख्या ओंडक्यांची भिंत स्वतःच्या वजनाने आणि आकसण्याने बसत जाते. ओल्या ओंडक्यांची 2.4 मीटरची भिंत पहिल्या काही वर्षांत 10 सेंटिमीटरही खाली येऊ शकते, आणि दारं-खिडक्या ते धरून बसवाव्या लागतात. साइडिंगमध्ये भार आतली चौकट घेते, फळ्या हे घराचं पांघरूण. पांघरूण म्हणून ते मला आवडतं, आणि त्यात लपवण्यासारखं काही मला दिसत नाही. एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण सांगायला हवी: वणव्याचा धोका असलेल्या जागी मी लाकडी फळ्या लावणार नाही. हीच पोकळी तिथे धुराड्यासारखी ज्वाळा वर ओढते.

आता तुमच्या भिंतीचं. सगळं उखडू नका. आधी खालच्या तीन फळ्या काढा. सर्वांत खालची अंगणाच्या फरशीला टेकली आहे, असं तुम्ही लिहिलंत. पागोळ्यांचं पाणी उडून तिथेच बसत असणार. नवी फळी जमिनीपासून 15 ते 20 सेंटिमीटर वर हवी. फळ्या निघाल्यावर मागचं कापड आणि वाशांचं खालचं टोक आरीने टोचून बघा. आरी सहज रुतली तर काम फळ्यांपुरतं उरलेलं नाही, आधी वासे बघावे लागतील. वासे टणक असतील, तर वरच्या भागातल्या आडव्या सांध्यांतलं सिलिकॉन पात्याने कापून काढा, आणि खिडक्यांखालच्या फळ्याही तशाच टोचून पाहा. काय सापडलं ते इथेच लिहा. पोकळी करण्यासाठी बाकीच्या फळ्या उतरवाव्या लागतील की नाही, ते वासे कसे आहेत हे कळल्यावरच मला सांगता येईल.