मुलांना जुनं गाव दाखवायचं तर पूर्ण दाखवूया

सुट्टी लागली की आमच्या कराड-सांगली पट्ट्यातल्या घरांत एक बेत हमखास ठरतो: कणेरी मठ. कोल्हापूर ओलांडायचं, गोकुळ शिरगावजवळ हायवे सोडायचा, सिद्धगिरीचं ग्रामजीवन संग्रहालय बघायचं आणि येताना अंबाबाईचं दर्शन. मी या सहलीच्या बाजूची आहे, अगदी मनापासून. ज्या पोरांनी बारा बलुतेदार फक्त परीक्षेपुरते पाठ केलेत, त्यांच्यासमोर तिथे माणसाच्या मापाचा लोहार, सुतार, कुंभार उभा असतो. पोरं आपोआप हळू चालायला लागतात. माझी मुलगी आणि भाचा तर एकेका देखाव्यापुढून हलेनात.

आमच्यासोबत माझे वडील होते. पोरं त्यांना आबा म्हणतात. लेकीनं त्यांना विचारलं, "आबा, या लोहाराला पगार कोण द्यायचं?"

"पगार कुठला पोरी? सुगीला खळ्यावर यायचं आणि बलुतं घेऊन जायचं. कडब्याचा पाचुंदा, पायली-दोन पायली जोंधळं."

"आणि नाही दिलं तर?"

"मग वाट बघायची. पुढच्या सुगीची."

मला वाटतं त्या दिवसाची खरी सहल या दोन वाक्यांत झाली. पुतळा फार सुंदर असतो, पण त्याला भूक लागत नाही. पुतळ्यांच्या गावात दुष्काळ पडत नाही, कुणी कुणाला "लांब उभा राहा" म्हणत नाही, आणि पाणवठ्यावर कुणाला हाकलत नाहीत. मूल ते गाव बघतं आणि घरी येताना म्हणतं, "पूर्वी किती छान होतं ना सगळं!" असं म्हणणाऱ्या मुलाला पुढे काहीच न सांगणं मला मंजूर नाही. पुतळे बोलू शकत नाहीत, म्हणून तिथे आईबापांनी आणि आजी-आजोबांनी बोलायचं असतं. गावकुसाच्या आत कोण राहायचं, बाहेर कोण, मेलेलं जनावर कुणी ओढायचं, सरकारी सांगावा घेऊन रात्री-अपरात्री कोसभर कोण पळायचं आणि त्याच्या बदल्यात काय मिळायचं, हे सगळं त्या गावाचंच आहे. महार वतनातल्या, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या लादलेल्या गावकीच्या कामातल्या, या वेठीविरुद्ध बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात १९२८ साली विधेयक मांडलं. कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. म्हणजे आबांच्या हयातीतली गोष्ट आहे ही, शिवकालातली नव्हे.

"लहान पोरांना कशाला हे सांगायचं? सहलीला गेलोय, मजा करू द्या," असं मला अगदी जवळच्या माणसांनी सांगितलंय. त्यांना मी मसूरची गोष्ट सांगते.

मसूर आमच्या कराडपासून जवळच. सातारा-कराड रेल्वेमार्गावरचं स्टेशन. १९०१ साली साताऱ्याहून गाडीत बसून काही पोरं इथे उतरली. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर कॅशियर होते, त्यांना भेटायला निघालेली. अंगावर नवे सदरे, रेशीमकाठी धोतरं, डोक्यावर चमकदार टोप्या, पायात नवे बूट. वडिलांना पत्र मिळालेलं नव्हतं, त्यामुळे न्यायला कुणीच आलं नाही. स्टेशनमास्तरांनी आधी आपुलकीनं चौकशी केली. पोरांनी आपण महार आहोत असं सांगितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. बैलगाडीवाले दुप्पट भाडं देऊ केलं तरी तयार होईनात. शेवटी एक जण तयार झाला तो या अटीवर की गाडी पोरांनीच हाकायची आणि तो बाजूनं चालणार. सोबत शिदोरी होती, पण प्यायला पाणी मिळेना. रात्री जकात नाक्यावर मुसलमान असल्याचं सांगून पाणी मागितलं, तरी मिळालं नाही. भरलेला डबा समोर ठेवून ती पोरं उपाशी झोपली.

त्यातला नऊ वर्षांचा भीमा म्हणजे बाबासाहेब आंबेडकर. त्यांनी स्वतःच्या हातानं हे लिहून ठेवलंय. ज्या वयात त्यांना हे सोसावं लागलं, त्या वयाच्या आपल्या मुलांना ते नुसतं ऐकवायलाही आपण कचरतो, हे मला पटत नाही. माझ्या भाच्याला ही गोष्ट मसूर स्टेशनच्या बाहेर गाडी थांबवून सांगितली. तो बराच वेळ रुळांकडे बघत होता. मग म्हणाला, "पाणी पण नाही दिलं?" त्याला सगळ्यात जास्त लागलं ते पाणीच. मुलांना लागतं ते हे असं, आणि लागलं पाहिजे.

बाहेरच्या देशांतही हा प्रश्न येऊन गेलाय. अमेरिकेत व्हर्जिनियात कलोनियल विल्यम्सबर्ग म्हणून अठराव्या शतकातलं अख्खं गाव पुन्हा उभं केलंय. रॉकफेलर घराण्याच्या पैशातून १९२६ पासून काम सुरू झालं. तिथे पुतळे नाहीत, त्या काळचे कपडे घातलेली खरी माणसं लोखंड ठोकतात, छापखाना चालवतात, पाहुण्यांशी बोलतात. पण मूळ गावात निम्मी वस्ती काळ्या गुलामांची होती, आणि कित्येक दशकं त्या देखण्या गावात त्यांच्या जगण्याला जागाच नव्हती. १९७९ मध्ये काळ्या कलाकारांकडून त्यांची बाजू सांगायला सुरुवात झाली. १९९४ मध्ये तर तिथे गुलामांच्या लिलावाचा प्रसंग लोकांसमोर सादर केला. मोठा वाद झाला, निदर्शनं झाली, पण तो प्रसंग झालाच. इतिहास जिवंत करायचा तर तो दुखणाऱ्या जागेसकट जिवंत करावा लागतो, हे त्यांनी पन्नास वर्षांनी का होईना मानलं.

आपल्याकडे तर त्यासाठी वेगळं गाव उभारायची गरज नाही. सातारा जिल्ह्यातच दोन दिवसांत मुलांना ते फिरून दाखवता येतं.

साताऱ्याजवळच्या लिंबची बारामोटेची विहीर घ्या. शिलालेखाप्रमाणे शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात शाहू महाराजांच्या वेळी वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. एकाच वेळी बारा मोटा (बैलांनी ओढून पाणी उपसायच्या चामड्याच्या पिशव्या) चालाव्यात अशी सोय, वर छोटेखानी महाल, भिंतीवर कोरलेले वाघ-हत्ती. बहुतेक लोक फोटो काढून दहा मिनिटांत निघतात. आबा तिथे तासभर बोलत राहिले. मोटेला दोन दोर असतात: जाडा नाडा वर बांधलेला आणि बारका सोंदूर खाली सोंडेला. बैल धावेवरून उतारानं खाली जातात तेव्हा मोट वर येते, सोंदूर ताणला की सोंड उघडून पाणी थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या छोट्या हौदात, पडतं, तिथून पाटात. बैल पुन्हा उलटे मागे सरकवणं हीच खरी कसरत. आणि मोट हाकताना गाणी का म्हणायची? दिवसभर एकटा माणूस आणि दोन बैल, दुसरं करणार काय! पोरं कडेला बसून हातानं दोर ओढायची नक्कल करत होती. इतकं सगळं एका फोटोत कसं येईल?

मग तिथेच प्रश्न घ्यायचा: एवढं पाणी, पण ते कुणी भरायचं? आणि लगेच सांगायचं की खटाव तालुक्यातल्या कटगुणला ज्यांचं मूळ घराणं, त्या जोतीराव फुल्यांनी १८६८ साली पुण्यात स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. मुलांना अन्याय आणि त्याविरुद्ध उभं राहिलेला माणूस एकत्र भेटला पाहिजे, नाहीतर ती नुसती घाबरतात किंवा खचतात.

साताऱ्यात प्रतापसिंह हायस्कूल आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचं नाव तिथल्या रजिस्टरमध्ये दाखल झालं. १९१४ हा तो रजिस्टर क्रमांक. दुसरीकडे खंडाळा तालुक्यातलं नायगाव, जिथे ३ जानेवारी १८३१ ला सावित्रीबाईंचा जन्म झाला. ते घर जपलंय. शिरवळवरून वाकडी वाट करून जावं लागतं, पण पुण्याहून येताना सहज होतं. आणि साताऱ्यात कर्मवीर भाऊरावांचं बोर्डिंग. १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४ ला ती साताऱ्यात आली. सगळ्या जातींची पोरं एकत्र राहून एकत्र जेवत होती. ते बोर्डिंग चालावं म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही विकलं. माझ्या लेकीला तिथे सगळ्यात जास्त आवडलं ते "एकत्र जेवायचे" हे. आधी लोहार, मोट, पाचुंदा ऐकलेलं होतं, म्हणूनच तिला कळलं की एका पंगतीत बसणं ही केवढी मोठी गोष्ट होती.

शाळांच्या शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे. दिवाळीनंतर सहलींचे बेत ठरतात, कणेरीला गाड्या जातात, त्या जाऊ द्याच. पण त्याच सहलीत किंवा त्याच वर्षी साताऱ्याचाही एक दिवस ठेवा. ७ नोव्हेंबर विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. शाळेत भाषणं होण्याऐवजी पाचवी-सहावीच्या वर्गाला त्या दिवसाच्या आसपास प्रतापसिंह हायस्कूलला न्या, मुख्याध्यापकांना आधी पत्र पाठवा. आणि सोबत गावातली एक-दोन म्हातारी माणसं घ्या, ज्यांनी मोट हाकलीय, आणि ज्यांना बलुतं मागायला जावं लागलंय तीही. दोघांनाही बोलू द्या, एकाच गाडीत.