एवढा फौजफाटा कशाला?

माझं सरळ मत आहे, ज्यांना पाश्चात्य संगीतातल्या अवाढव्य सिंफन्या (मोठ्या वाद्यवृंदासाठीच्या लांबलचक रचना) म्हणजे नुसता भपका वाटतो त्यांनी त्या मोबाईलच्या स्पीकरवर ऐकलेल्या असतात. परवा पणजीत एका मैफलीनंतर चहा पिताना यावरूनच जुंपली, आम्ही सगळे भजन आणि नाट्यसंगीतावर वाढलेले, तर एकजण म्हणाला अरे आपल्याकडे तानपुरा, तबला आणि एक गळा, बास, तीन तास माणूस जागचा हलत नाही, यांना हजार माणसं कशाला लागतात?

आता ऑस्ट्रियन संगीतकार माहलरची आठवी सिंफनी घ्या. 12 सप्टेंबर 1910, म्युनिक, गाणारे-वाजवणारे मिळून हजारावर लोक, त्यात साडेतीनशे तर नुसती पोरं! पणजीच्या कला अकादमीच्या सभागृहात करायचं म्हटलं तर कलाकार खुर्च्यांत आणि प्रेक्षक मांडवीच्या काठावर. 'हजारांची सिंफनी' हे नाव आयोजकाने जाहिरातीसाठी चिकटवलेलं, माहलरला ते आवडलं नव्हतं, आणि बरोबरच होतं त्याचं. कारण खरी कमाल मोठ्या आवाजाची नाहीच. सुरुवातीला ऑर्गन आणि कोरस (समूहगान) अंगावर येतात ते ठीक, पण तासाभराच्या वर सगळं झाल्यावर शेवटचा कोरस सुरू होतो तो जेमतेम श्वासाएवढ्या आवाजात. दहा माणसांचं हळू गाणं बारीक वाटतं, शेकडो माणसं एकदम हळू गायली की तो आवाज रुंद होतो, कुठून येतोय तेच कळत नाही. चवथीला वाड्यावरच्या घुमट आरतीत (घुमट म्हणजे आपलं मातीचं चर्मवाद्य) बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको, दोन घुमटं असली की कानाला ऐकू येतं, बारा झाली की पायाखालची जमीन वाजते.

आणि यात माईक नाही हं. डीजेवाला एक बटण फिरवतो, इथे प्रत्येकाला स्वतःचा दम लावावा लागतो.

मला तर या सिंफनीकारांचं वेडही आवडतं. हॅवरगल ब्रायन नावाचा इंग्रज, 1919 ते 1927 'गॉथिक' सिंफनी लिहीत बसला, जवळपास दोन तासांची, आणि ती पहिल्यांदा वाजली 1961 साली, तेव्हा हा 85 वर्षांचा! तरी थांबला नाही, एकूण 32 सिंफन्या. (गॉथिक मधेमधे रेंगाळते, ते मान्य.) रशियन संगीतकार स्क्रियाबिन तर त्याच्याही वरचा, हिमालयाच्या पायथ्याशी सात दिवस चालणारं काहीतरी करायचं होतं त्याला, घंटा म्हणे ढगांना टांगायच्या, आणि शेवटी जगच विरघळणार. 1915 मध्ये ओठावरच्या फोडाचं निमित्त होऊन गेला बिचारा, वय अवघं 43.

आणि 'आपल्याकडे' म्हणणाऱ्यांनी आपल्याच गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस आठवावेत. 1958 साली मुंबईत शंभरेक वादक जमवून रागदारी आणि सिंफनी एकत्र आणायला निघाले होते, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. एका तानपुऱ्यात भागत असताना हा माणूस एवढा खटाटोप का करत होता? मला विचाराल तर काही गोष्टी एकट्याच्या गळ्यात मावतच नाहीत, तो गळा कितीही मोठा असो.

असो. फोंडा-मडगाव पट्ट्यात कुणाकडे दणदणीत स्पीकर असतील तर इनबॉक्स करा, एखाद्या रविवारी माहलर लावू, फक्त शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा आणि तो चहा पिताना वाद घालणारा मित्र येणार असेल तर त्याला पुढच्या खुर्चीत बसवा.